नकाराची कैफियत

इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी एक 14 वर्षांचा मुलगा थकव्याची तक्रार घेऊन आपल्या कुटुंबवैद्याकडे गेला, तेव्हा त्याच्याकडे पाहून कोणास काळजी वाटावी असे त्याच्यात काहीच नव्हते. उंची वयाला साजेशी होती, वजन उंचीला साजेसे होते आणि कोणतेही औषध चालू नव्हते. खाण्याच्या बाबतीत तो चोखंदळ आहे, एवढीच काय ती वेगळी नोंद. रक्ततपासणीत पांडुरोग आणि बी-12 या जीवनसत्त्वाची उणीव आढळली. त्यावर इंजेक्शने देण्यात आली आणि आहार सुधारण्याचा उपदेश करण्यात आला. पुढल्या वर्षी त्याला कमी ऐकू येऊ लागले, त्यापाठोपाठ डोळ्यांची तक्रार सुरू झाली, मेंदूच्या चित्रणात काही दोष सापडला नाही, आणि 17व्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी कायमची अधू झाली. या अवस्थेत त्याच्या जेवणाची बारकाईने चौकशी झाली, तेव्हा त्याने सांगितले की प्राथमिक शाळेपासून विशिष्ट पोताचे पदार्थ त्याला तोंडात धरवत नाहीत. जवळच्या दुकानातील तळलेले बटाटे, पाकिटातले वेफर, पांढरा पाव आणि अधूनमधून प्रक्रिया केलेल्या मांसाचे काप अथवा सॉसेज, एवढ्यावरच त्याची सारी वर्षे गेली होती. बी-12च्या जोडीला तांबे, सेलेनियम आणि ड जीवनसत्त्व यांचीही त्याच्या शरीरात तूट होती आणि हाडेही कमकुवत झाली होती. डॉ. डेनिझ अटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकीकत 2019 साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पूरक जीवनसत्त्वे दिल्यावर दृष्टीचा ऱ्हास थांबला. गेलेली दृष्टी मात्र परत आली नाही.

या प्रकरणाचा बोभाटा जगभर झाला तो निकृष्ट आहाराच्या दुष्परिणामांचा नमुना म्हणून, आणि जागोजागच्या आईबापांनी तो आपल्या मुलांना धाक घालण्यासाठी वापरलाही असेल. परंतु ज्या मुलाला मऊ फळाचा अगर शिजलेल्या भाजीचा नुसता स्पर्श जिभेला झाला की उमासा येतो, त्याला अंधत्वाचा धाक दाखवून काय साधणार? तो काय खातो याची यादी वैद्याने केली, घरच्यांनी केली, शेजाऱ्यांनीही केली असती; तो बाकीचे का खात नाही, हा प्रश्न मात्र वेळेवर आणि धीराने विचारला जाणे अगत्याचे होते. या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे: अन्न नाकारणाऱ्या माणसाची कैफियत ऐकून घेतल्यावाचून त्याच्याविरुद्ध निकाल देऊ नये, कारण त्या नकाराच्या मुळाशी पुष्कळदा एक खराखुरा आजार असतो, आणि नकाराचे कारण कोणते यावरच त्याचा इलाज अवलंबून असतो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013च्या मे महिन्यात आपल्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली, तीत या आजाराला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. अन्न टाळण्याचा आणि आहार संकुचित ठेवण्याचा विकार, असे त्याच्या लांबलचक नावाचे तात्पर्य आहे. इंग्रजी आद्याक्षरे जोडून डॉक्टर त्याला ‘आर्फिड’ म्हणतात, आणि आपणही सोयीसाठी तेच म्हणू. त्यापूर्वीच्या, म्हणजे 1994च्या आवृत्तीत जो वर्ग होता, तो वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत सुरू होणाऱ्या बालकांच्या विकारापुरता मर्यादित होता. त्यामुळे दहाव्या वर्षी घशात घास अडकल्यापासून घन पदार्थ सोडून दिलेली मुलगी, किंवा चाळिशी गाठली तरी पाचसहा पदार्थांवर गुजराण करणारा कारकून, यांच्या दुखण्याला त्या दप्तरात नावच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली संमत केलेल्या आणि 1 जानेवारी 2022पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही आता आर्फिडची नोंद आहे, आणि वयाची अट दोहोंकडून उठली आहे.

नाव नवे असले तरी दुखणे नवे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अरोचकाची कारणे सांगताना वातादी दोषांबरोबर शोक, भय, अतिलोभ आणि क्रोध यांची गणना केली आहे, आणि मनाला उबग आणणारे अन्न, रूप व गंध यांचीही. अर्थात अन्नद्वेषाचे मूळ पोटाप्रमाणेच मनात आणि इंद्रियांतही असू शकते, हे त्या ग्रंथकाराच्या ध्यानात आले होते. अर्वाचीन काळात 1943 साली बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेवरचा आपला आद्य निबंध लिहिला, त्यात वर्णिलेल्या 11 मुलांपैकी सहांना जन्मापासूनच अन्न घेण्याची तीव्र अडचण होती. त्यांतील एकीला तर वर्षाची होईपर्यंत नळीने अन्न द्यावे लागले होते. आपल्या देशात, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मानसोपचारतज्ज्ञांनी 1995 साली अशा तरुण स्त्रियांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या, की ज्या अन्न नाकारून क्षीण झाल्या होत्या, पण ज्यांच्या मनात आपल्या देहाकृतीविषयी पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेली विकृत कल्पना नव्हती. त्या काळच्या वर्गीकरणात अशांची बैठक नीट बसत नव्हती.

आता या विकाराची सीमा आखली पाहिजे, नाहीतर प्रत्येक घरातले कारले नाकारणारे पोर रोगी ठरेल. दोन ते सहा वर्षे या वयात नव्या पदार्थाची भीती बहुतेक सर्व मुलांना वाटते. चालू-फिरू लागलेल्या बालकाने दिसेल ते तोंडात घालू नये, अशी ती निसर्गाची तजवीज असावी. वयाबरोबर ती ओसरते, आणि एखादा पदार्थ दहापंधरा वेळा सहजपणे समोर आला म्हणजे पुष्कळ मुले तो स्वीकारतात. आर्फिड म्हणावयाचे तर त्या नकाराचे परिणाम गंभीर असावे लागतात: वजन घटणे अगर वाढ खुंटणे, पोषणाची ठळक उणीव, पूरक पेये किंवा नळी यांवर अवलंबून राहण्याची पाळी, किंवा माणसांत मिसळणे, शाळा, नोकरी, प्रवास यांत मोठा अडथळा. जेथे घरात धान्यच नाही, तेथे हे निदान लागू होत नाही. मेळघाटातील कुपोषणाला आर्फिड म्हणणे ही त्या दारिद्र्याची विटंबना होईल. एकादशीचा उपवास, पर्युषणातील तप, कंदमुळे वर्ज्य करणारा जैन आचार, यांनाही ते लागू नाही, कारण तेथे धर्माचरणाची निवड आहे. आणि अ‍ॅनोरेक्सियाहून तर याचा पाया सर्वस्वी निराळा आहे. तेथे लठ्ठपणाचे भय आणि बारीक होण्याचा ध्यास असतो, तर आर्फिडच्या मुलाला पुष्कळदा आपले वजन वाढावे असे मनापासून वाटत असते, आणि तरीही घास घशाखाली उतरत नाही.

हा भेद इस्पितळाच्या आकड्यांतही उमटतो. उत्तर अमेरिकेतील खाण्याच्या विकारांवरील किशोरवयीन उपचारकेंद्रांच्या दप्तरांची छाननी 2014 साली प्रसिद्ध झाली. तीतील 712 रुग्णांपैकी 98, म्हणजे 13.8 टक्के, आर्फिडचे निघाले. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचे सरासरी वय 15.6 तर यांचे 12.9, त्यांच्यात मुलगे 15 टक्के तर यांच्यात 29, आणि उपचाराला येण्यापूर्वी यांचे दुखणे सरासरी 33 महिने चाललेले होते. पावणेतीन वर्षे या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची कशी गेली असतील, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

नकाराची कारणे मुख्यतः तीन मानली जातात, आणि ती एकाच व्यक्तीत एकत्रही नांदू शकतात. पहिले कारण इंद्रियांची अतितीव्र संवेदना. असा एक मुलगा डोळ्यांसमोर आणावा, की जो गरम मऊ भात आणि साधे वरण खातो, परंतु वरणाला फोडणी दिली आणि मोहरीचा एक दाणा दाताखाली आला की त्याचे जेवण तेथेच संपते. पोळीवर करपलेला ठिपका दिसला की ती पोळी त्याच्या लेखी बाद होते. भेंडीचा बुळबुळीतपणा, टोमॅटोची साल, कढीवरची साय यांनी त्याला उमासे येतात. आणि नेहमीच्या बिस्किटाचे वेष्टन कंपनीने बदलले तर आतले बिस्किट तेच आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. पाकिटातल्या पदार्थांकडे अशा मुलांचा ओढा असतो, त्याला लोक चटावणे म्हणतात; पण त्यामागे बहुधा एक सुसंगत तर्क असतो. घरची भाजी ऋतूप्रमाणे, हाताप्रमाणे आणि आचेप्रमाणे रोज थोडी निराळी होते, तर कारखान्यातले बिस्किट आज जसे तसेच उद्या. ज्याला प्रत्येक बारीक फरक मोठ्याने ऐकू येतो, तो निश्चिततेच्या आश्रयाला जाणारच. स्वमग्न मुलांत हे कारण विशेष आढळते, तथापि ते त्यांच्यापुरते मर्यादित नाही.

दुसरे कारण भुकेची मंदता. या मुलांना अन्नाचा तिटकारा नसतो, ओढच नसते. जेवायचे राहिले हे त्यांच्या लक्षातही येत नाही, दोन घासांत पोट भरल्याचा भास होतो, आणि तासभर ताटासमोर बसूनही पान तसेच राहते. त्यांना सुस्त म्हणतात, वेंधळी म्हणतात. अतिचंचलतेच्या विकाराची औषधे घेणाऱ्या मुलांत औषधामुळेही भूक मंदावते, हे निराळे. तिसरे कारण भय. बोराची बी घशात अडकली, आजारपणात भर वर्गात ओकारी झाली, एखाद्या पदार्थाने अंगावर गांधी उठल्या, आणि त्या दिवसापासून गिळण्याची क्रियाच संकटासारखी वाटू लागली. प्रथम तो पदार्थ सुटला, मग त्याच्यासारखे दिसणारे सुटले, मग घन अन्न सुटले, आणि कालपर्यंत सर्व काही खाणारे पोर पंधरा दिवसांत दूध-पाण्यावर आले. पहिल्या प्रकारात इतिहास बालपणापासूनचा असतो. या तिसऱ्यात पुष्कळदा तारीखवार सांगता येतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील जेनिफर थॉमस आणि कामरिन एडी यांनी 2017 साली या तीन अक्षांची जी मांडणी केली, तिचा उपयोग हाच, की एकाच्या दुखण्यावर दुसऱ्याचा उपाय कोणी करू नये.

आता आपल्या घरात येऊ. अन्नाला मराठी माणसाने जे पावित्र्य दिले आहे, ते त्याच्या संस्कृतीचे भूषण आहे: पानात टाकू नये, अन्नाला नावे ठेवू नयेत, पंगतीत वाढणाऱ्याने आग्रह करावा आणि जेवणाऱ्याने त्या आग्रहाचा मान राखावा. उष्टावणाच्या दिवसापासून चिऊ-काऊच्या घासांपर्यंत बालकाला भरवणे हेच प्रेमाचे पहिले रूप असते. याच कारणाने घास नाकारणारे मूल केवळ भाजी नाकारत नाही, तर करणारीचे कष्ट, घरचे वळण आणि अन्नाचे दैवत या सर्वांचा अवमान करते, असा समज होतो; आणि मग वळण लावण्याच्या सद्हेतूने नाक दाबून पाजणे, ताट संपेपर्यंत उठू न देणे, आमटीत न कळत भाजी कालवणे, भावंडांशी तुलना करणे, आणि शेवटी ‘भूक लागली म्हणजे आपोआप खाईल’ असे म्हणून उपाशी ठेवणे, हे सर्व क्रमाक्रमाने होते. कोणत्याही आईने हे क्रौर्याने केलेले नसते. परंतु ज्याला आधीच घासाची धास्ती आहे त्याच्यावर बळजोरी झाली की ताट दिसताच त्याचे शरीर सावध होते, घसा आवळतो, उमासा येतो आणि असलेली भूकही मरते. प्रत्येक बळजोरी त्या पदार्थाच्या नावावर आणखी एक वाईट आठवण जमा करते. चोरून मिसळलेली भाजी उघडकीस आली तर जो वरणभात आजवर विश्वासाचा होता, तोही यादीतून जातो.

मूल उपाशी राहिले की खातेच, या समजुतीला आधार नाही असे नाही. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेत 1920 आणि 1930च्या दशकांत 15 लहानग्यांपुढे 34 साधे, नैसर्गिक पदार्थ ठेवून त्यांना हवे ते खाऊ दिले, आणि ती सारी मुले उत्तम वाढली. बहुसंख्य निरोगी बालकांना हा नियम लागू पडतो, आणि जेवणात नाहक ढवळाढवळ न करण्याचा धडा त्यातून घ्यावाच. परंतु जेथे भुकेची जाणीवच दुबळी आहे अथवा भीती भुकेहून बलवत्तर आहे, तेथे तोच नियम मुलाला इस्पितळात पोचवतो.

आईच्या माथी दोष मारण्याची आपली जुनी खोड आहे. पोर खात नाही म्हटले की सासूपासून शेजारणीपर्यंत सर्वांची नजर तिच्याकडे वळते, तिच्या हाताला चव नाही किंवा तिने फार लाड केले असा फैसला होतो. या फैसल्याला शास्त्राचा पाठिंबा नाही. स्वीडनमधील सुमारे 34,000 जुळ्या मुलांच्या नोंदींवरून लिसा डिंकलर आणि सहकाऱ्यांनी 2023 साली जो निष्कर्ष काढला, त्यात सुमारे 2 टक्के मुलांत आर्फिडची लक्षणे सापडली, आणि या विकाराबाबत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा 79 टक्के भाग आनुवंशिकतेकडे जातो असे आढळले. याचा अर्थ परिस्थितीचा काहीच वाटा नाही असा करू नये. पण एकाच घरात, एकाच हातचे जेवून एक भावंड सर्व खाते आणि दुसऱ्याला ओकारी येते, याचे उत्तर आईच्या स्वयंपाकात शोधणे तरी थांबावे.

आपल्याकडे या विकाराचा धोका एका दृष्टीने अधिक आहे. ब्रिस्टलच्या मुलाला ज्या जीवनसत्त्वाची उणीव महाग पडली, ते बी-12 निसर्गतः मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळते, आणि त्याची गंगाजळी आपल्या शाकाहारी घरांत मुळातच तुटपुंजी आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या खेड्यांत सुरू केलेल्या मातांच्या अभ्यासात, सुमारे दोनतृतीयांश गर्भवतींत त्याचे प्रमाण कमी आढळले. अशा घरात एखाद्या मुलाच्या पानातून दूध, दही, ताक हीही नाहीशी झाली, तर शिल्लक ती किती राहणार? वजनाचा काटा ही तूट दाखवीत नाही. बटाटा, भात आणि बिस्किटे यांवर वजन बरोबर राहू शकते, आणि अंगणवाडीच्या अगर दवाखान्याच्या वहीत केवळ वजन लिहिले जात असेल तर असे मूल निरोगी म्हणून पुढे सरकते. म्हणूनच पानातून एकेक पदार्थ गळत जाणे आणि त्यांच्या जागी नवा न येणे, अन्नाचा एखादा सबंध वर्गच नाहीसा होणे, परक्या घरी किंवा सहलीला जाण्याचे टाळणे, गिळताना दचकणे, या खुणा वजनाइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात.

या खुणा दिसल्या म्हणजे पहिली पायरी बालरोगतज्ज्ञाची. जठरातील आम्ल वर येणे, जुना मलावरोध, अन्नाची अ‍ॅलर्जी, गव्हातील ग्लुटेन न सोसणे, वाढलेले टॉन्सिल, किडलेले दात, यांपैकी काही आहे काय हे आधी पाहिले पाहिजे, कारण दुखते म्हणून न खाणाऱ्याला समुपदेशन देणे हा अन्यायच होय. रक्तातील लोह, बी-12, ड जीवनसत्त्व पाहून तूट असेल ती प्रथम भरून काढावी. आणि फारच खंगलेल्या मुलाला एकाएकी भरपेट खाऊ घालणे धोक्याचे असल्याने ते काम इस्पितळात, देखरेखीखाली व्हावे. त्यानंतर आहारतज्ज्ञ, गिळण्याचा अभ्यास असलेले वाचातज्ज्ञ, इंद्रियसंवेदनांवर काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून मार्ग ठरवावा. या विकाराचे असे खास औषध अद्याप नाही.

थॉमस आणि एडी यांची उपचारपद्धती दहा वर्षांवरील मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी आहे, आणि सहा महिने ते वर्षभरात 20 ते 30 भेटींत ती चालते. तिची सुरुवात लक्षात ठेवण्याजोगी आहे: जे पदार्थ रुग्ण खातो, तेच प्रथम अधिक प्रमाणात आणि वेळच्या वेळी खावयास सांगतात, म्हणजे शरीराला आधार मिळतो आणि आपल्यावर कोणी चालून येत नाही याची त्याला खात्री पटते. मग त्याच्याच संमतीने नवा पदार्थ निवडला जातो, आणि तो कसा दिसतो, हाताला कसा लागतो, वास कसा येतो, चव कशी आहे, चावताना कसा वाटतो, हे बरे-वाईट न ठरवता केवळ वर्णन करून सांगावयाचे असते. वाटाण्याएवढा तुकडा चालतो, आणि तो न आवडण्याचा त्याचा हक्क अबाधित राहतो. भुकेची मंदता असेल तर पोट फुगल्याच्या जाणिवेशी सराव करतात, ती जाणीव निरुपद्रवी आहे हे अनुभवाने पटवतात. भय असेल तर पातळ पेजेपासून मऊ भातापर्यंत आणि तेथून पोळीपर्यंत भीतीच्या पायऱ्या आखून एकेक चढावयाची. येल विद्यापीठात तर केवळ आईवडिलांना शिकवून मुलाला बरे करण्याचा प्रयोग झाला आहे. मुलाची अडचण खरी आहे हे मान्य करावयाचे, त्याच्या सामर्थ्यावर विश्वास बोलून दाखवावयाचा, आणि साऱ्या घराने त्याच्या भीतीभोवती फिरणे हळूहळू कमी करावयाचे, असे त्याचे सूत्र आहे. बळजोरी आणि शरणागती यांच्यामधला हा मार्ग कठीण आहे, पण तो अस्तित्वात आहे.

शाळांनी आणि वसतिगृहांनी एवढे करावे: डबा संपवण्याच्या सक्तीचा नियम असेल तर तो उठवावा, न खाणाऱ्याला वर्गासमोर उभे करू नये, आणि डॉक्टरचा दाखला आणणाऱ्या मुलाला त्याचे ठरावीक अन्न जवळ बाळगू द्यावे. अंगणवाडीताईंना वजनाबरोबर ‘काय काय खाणे सोडले’ असा एक रकाना मिळाला, तर कित्येक मुले वर्षे वाया जाण्यापूर्वी हाती लागतील. वैद्यांनी ‘वय झाले की सुटेल’ असे सांगण्यापूर्वी दहा मिनिटे खर्चून मुलाला एकट्याने बोलू द्यावे. आणि पंगतीतल्या वडीलधाऱ्यांनी, नव्या सुनेने किंवा पाहुण्याने एखादा पदार्थ नको म्हटला, तर तो नकार तेथेच पुरा मानावा. आग्रहाची रीत सोडावी असे माझे म्हणणे नाही, पण तिला समोरच्याच्या संमतीची मर्यादा असावी.

अन्नाचा आदर आपण पिढ्यानपिढ्या शिकलो आणि तो शिकवीतही राहू. परंतु अन्न ज्याच्यासाठी आहे त्या माणसाचा आदर त्याहून वरचा आहे, आणि ज्याला जेवण ही रोजची तीन वेळची परीक्षा होऊन बसली आहे, त्याला त्या आदराची गरज सर्वांहून अधिक आहे. आपले मूल खात नसेल, तर ‘का नाही खात?’ हा प्रश्न रागाने पुष्कळदा विचारून झाला असेल. तोच प्रश्न एकदा उत्तर ऐकण्याच्या इच्छेने विचारावा, आणि जे उत्तर येईल ते खरे मानून डॉक्टरकडे जावे. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.